अ‍ॅक्वाटिक आणि मरीन बायोलॉजीत डिग्री करायची आहे, आत नक्की काय शिकवतात?

निळीशाई

नमस्कार मंडळी, मला डिग्रीसाठी अ‍ॅक्वाटिक आणि मरीन बायोलॉजी घ्यायचंय, मनात जवळपास ठरलंय पण अर्ज भरायच्या आधी ज्यांनी हे खरंच शिकलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. लहानपणापासून समुद्राच्या डॉक्युमेंटरी बघत आलेय, देवमासे, डॉल्फिन, प्रवाळ, आणि ऑक्टोपस म्हणजे तर जीव की प्राण. बायोलॉजीत मार्क चांगले पडतात, केमिस्ट्री बरी आहे, गणिताची मात्र धास्ती आहे आणि खरं सांगायचं तर बायोलॉजी घेतली की गणित सुटेल असं मनात होतं. घरचे म्हणतायत साधी बायोलॉजी कर, एवढ्यात एका कोपऱ्यात शिरू नकोस.

माझे प्रश्न असे की रोजचा अभ्यास कसा असतो, नावात "अ‍ॅक्वाटिक" आणि "मरीन" दोन्ही का आहे, नद्या-तळी पण शिकावी लागतात का (मला समुद्रच हवाय), नंतर काम काय मिळतं, आणि मला पोहता चांगलं येतं पण बोट लागते, तर मग हे सगळं सोडूनच द्यायचं का? मोकळेपणाने सांगा, वाईट वाटणार नाही.

---

ओहोटीची_वेळ

मी हीच डिग्री केली, पुढे मास्टर्स, आणि आता बरीच वर्षं प्लवकांवर काम करतोय, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे बारीक जीव. तुला एक दुपार सांगतो म्हणजे रोजचा अभ्यास कसा असतो ते कळेल.

बोटीवरून आणलेला पाण्याचा नमुना असतो, त्यात आयोडीनचं द्रावण घातलेलं असतं म्हणून रंग फिक्या चहासारखा. तो हलक्या हाताने वरखाली करून एकसारखा करायचा आणि पिपेटने मोजणीच्या काचेत भरायचा. ही काच ५० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि १ मिमी खोल, म्हणजे त्यात बरोबर १ मिली पाणी मावतं आणि तळाला १००० बारीक चौकोन पडतात. वरची काच आधी तिरपी ठेवायची, पाणी भरत आलं की सरकवून सरळ करायची, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकतो आणि सगळं परत पहिल्यापासून. मग मायक्रोस्कोपखाली एकेक चौकोन घ्यायचा. पेशी रेषेवर पडली तर काय? ठरवून टाकायचं की वरच्या आणि डाव्या रेषेवरची मोजायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडायची, आणि मग शेवटपर्यंत तेच पाळायचं. डायटमची (काचेसारखं कवच असलेल्या एकपेशी शेवाळाची) माळ दिसली तर माळ एक मोजायची की तिच्यातल्या पेशी वेगवेगळ्या, हेही आधीच ठरवायचं. एका नमुन्यात दोन-अडीच तास जातात, मान अवघडते, आणि तेव्हा कुठे एका मिलीलिटरचा हिशोब हातात येतो. मग त्याच ठिकाणचे आणखी दोन नमुने, कारण एका नमुन्यावरून कुणी काही मान्य करत नाही.

हे वाचून कंटाळा आला की आत कुठेतरी "बघायला मिळालं तर?" असं वाटलं, हे स्वतःला विचार, आणि खरं उत्तर दे. कारण मला तीनशेव्या चौकोनात सेराशियम नावाचा तीन शिंगांचा प्लवक दिसला की अजूनही बरं वाटतं, आणि माझ्या मते ही डिग्री निभावायला डॉल्फिनच्या प्रेमापेक्षा हे बरं वाटणं जास्त उपयोगी पडतं.

डॉल्फिन, देवमासे शिकवतातच, पण थोडे. समुद्राचा संसार बारक्यांवर चालतो. प्रोक्लोरोकॉकस नावाचा जिवाणू आहे, जेमतेम ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणारा सगळ्यात संख्येने जास्त जीव तोच, आणि जगाला त्याची ओळख झाली १९८८ साली. १९८८! देवमाशांची शिकार करून माणूस त्यांना जवळजवळ संपवून बसला होता तेव्हा समुद्रातल्या सगळ्यात मोठ्या संख्येच्या जीवाचा पत्ताही नव्हता. असा विषय आहे हा.

आता गणित. सुटेल हे मनातून काढून टाक, सुटणार नाही, उलट पहिल्याच वर्षी स्टॅटिस्टिक्स येतं आणि शेवटच्या थिसिसपर्यंत पाठ सोडत नाही. पण शाळेतल्या गणितासारखं ते नसतं. खडकाळ किनाऱ्यावर अर्धा मीटरची चौकट ठेवून तू शंख मोजलेस, भरतीच्या रेषेजवळ १२ आणि खाली पाण्याजवळ ३१, तर हा फरक खरा की चौकट कुठे पडली त्याचा खेळ? ह्या प्रश्नाचं उत्तर तुला हवं असतं म्हणून तू आकडेमोड शिकतेस. आमच्या वर्गात गणिताला घाबरणारे निम्मे तरी होते आणि स्वतःचे शंख, स्वतःचे आकडे हातात आल्यावर बहुतेकांची भीड चेपली. R नावाची कॉम्प्युटरची भाषा आहे, फुकट आहे, आतापासून थोडी हाताळलीस तर पुढे फार सोपं जाईल.

---

तळ्याकाठी

"मला समुद्रच हवाय" वाचून लिहायला बसले, कारण मी पण हेच म्हणत आले होते आणि दुसऱ्या वर्षापासून जी तळ्यांत अडकले ती अजून तिथेच आहे.

अ‍ॅक्वाटिक म्हणजे सगळंच पाणी, मरीन म्हणजे त्यातलं समुद्राचं. नद्या, तळी मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही होत नाहीत आणि तरी माशांच्या एकूण प्रजातींपैकी साधारण निम्म्या गोड्या पाण्यात राहतात, त्यामुळे ह्या भागाला जोडपाठ म्हणून बाजूला टाकू नकोस. आणि दोन्ही एकत्र शिकण्यात जी गंमत आहे ना ती एकटा समुद्र शिकून येतच नाही. माशाचंच बघ. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा मीठ जास्त, म्हणून पाणी कल्ल्यांतून आपोआप आत शिरत राहतं, तो पाणी जवळजवळ पीतच नाही आणि भरपूर पातळ लघवी करून आलेलं पाणी बाहेर टाकत राहतो. समुद्रातल्या हाडांच्या माशाचं अगदी उलटं, त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं म्हणून तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. म्हणजे चारी बाजूंनी पाणी असून ह्याला तहान! शार्कने तिसराच मार्ग काढलाय, रक्तात युरिया धरून ठेवतो, म्हणजे अंगातलं पाणी बाहेर ओढलंच जात नाही. आणि साल्मन नदीत जन्मून समुद्रात जातो आणि अंडी घालायला परत नदीत येतो, म्हणजे एकाच आयुष्यात ही सगळी यंत्रणा दोनदा उलटीपालटी करतो. हे मला परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

केमिस्ट्री "बरी" आहे म्हणतेस ती चांगली करून घे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची एक पद्धत आहे, विंकलरची, १८८८ सालची, आता सेन्सर आलेत तरी ही अजून शिकवतात आणि शिकवायलाच पाहिजे. बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, दोन द्रावणं घालायची, बूच लावून उलटसुलट करायची, की आत तपकिरी गाळाचे ढग उतरायला लागतात. मग आम्ल घातलं की गाळ विरघळून सोनेरी पाणी, त्यात थेंब थेंब थायोसल्फेट सोडत वाळल्या गवतासारख्या फिकट पिवळ्या रंगापर्यंत यायचं, मग स्टार्चचे थेंब की गडद निळं, आणि त्यानंतर एका थेंबात निळा रंग नाहीसा. किती थेंब लागले त्यावरून ऑक्सिजन किती ते कळतं. आम्ही एकदा उन्हाळ्यात एका खोल तळ्याच्या वरच्या थरातलं आणि तळाचं पाणी आणलं होतं. वरच्या बाटलीत तपकिरी ढग आले, तळाच्या बाटलीत गाळ आला तो पांढरा शुभ्र. पांढरा म्हणजे ऑक्सिजनच नाही. वर ऊन पडलंय, मासे उड्या मारतायत आणि त्याच तळ्याच्या तळाशी मासा क्षणभर टिकणार नाही असं पाणी, आणि हे वरून बघून कुणालाही कळणार नाही. उन्हाने तापलेलं हलकं पाणी वर, थंड जड पाणी खाली, दोन्ही मिसळत नाहीत, आणि खाली कुजणारा पाला सगळा ऑक्सिजन संपवतो. ही पांढरी बाटली बघितली आणि मी समुद्र सोडला.

आणखी एकच सांगते. कॅनडात ऑन्टारियोमध्ये तळी प्रयोगासाठी राखून ठेवलेली आहेत, तिथे १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सोबतच्यांनी मध्ये निमुळत्या असलेल्या एका तळ्याला पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, एकाच भागात फॉस्फरसही घातला. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचा तसाच राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो शोधून बघ. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधनं यायला जे पुरावे कामी आले त्यात हा फोटो होता. समुद्रावर असा प्रयोग करता येत नाही, तळ्यावर येतो.

---

खडकचिकट

मी जरा घरच्यांच्या बाजूने बोलतो, कारण ते चुकीचं सांगत नाहीयेत. डिग्री साधी बायोलॉजी किंवा झूलॉजीत करावी, मास्टर्सला समुद्र घ्यावा. अठराव्या वर्षी आवड बदलू शकते, जेनेटिक्स आवडलं, रोगांचा अभ्यास आवडला तर दार उघडं राहतं. आणि ह्या क्षेत्रात माणसं सगळीकडून येतात. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे सापडले, सूर्यप्रकाशाशिवाय जगणारी जीवसृष्टी पहिल्यांदा दिसली, आणि त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, सगळे भूगर्भ आणि रसायनवाले. नमुने टिकवायला पुरेसं औषध नव्हतं म्हणून काही नमुने व्होडकात ठेवावे लागले. सांगायचं एवढंच की नावात "मरीन" असलेली डिग्री नसेल तर समुद्र बंद होतो असं नाही.

---

ओहोटीची_वेळ

@खडकचिकट तुमचं म्हणणं चूक नाही पण त्याच गोष्टीवरून मी उलटं म्हणेन, त्या बोटीवर एखादा जीवशास्त्रज्ञ असता तर नमुने व्होडकात ठेवायची वेळ आली नसती. साध्या बायोलॉजीतून मास्टर्सला आलेली हुशार मुलं मी बघितली आहेत, पेशी-जीन सगळं येतं पण ओहोटीला खडकावर उभं केलं की समोर काय आहे ते ओळखता येत नाही. ते ओळखणं वर्षानुवर्षं हाताखालून जीव गेल्यावरच येतं. रॉबर्ट पेन १९६३ पासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खडकावरचे तारामासे उचलून समुद्रात लांब फेकत राहिले, बाजूचा खडक तसाच ठेवला. तारामासे गेलेल्या खडकावर एरवी त्यांचं खाणं असणाऱ्या काळ्या शिंपल्यांनी जागा बळकावायला सुरुवात केली आणि प्रजाती १५ वरून ८ वर आल्या. कीस्टोन प्रजाती, म्हणजे जी एक काढली की बाकी सगळ्यांची घडी विस्कटते, हा शब्द तिथून आला. ह्याला मशीन लागलं नाही, पण खडकावरच्या पंधराच्या पंधरा प्रजाती ओळखता येत होत्या म्हणून हे दिसलं.

---

खडकचिकट

हे मान्य. मग असं म्हणतो की साधी बायोलॉजी घेतलीस तर सुट्ट्यांत किनाऱ्यावर जाऊन ओळखायला स्वतः शीक, आणि मरीन घेतलीस तर जेनेटिक्स आणि स्टॅट्सचे ऐच्छिक विषय सोडू नकोस. माझं मत मात्र अजून तेच आहे.

---

कानातलं_हाड

बोट लागण्याबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. मला बोट लागते, पहिल्या दिवसापासून लागते, आणि मी मासेमारीच्या क्षेत्रातच काम करते. गोळी बोटीवर चढायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. बोटीच्या मधोमध थांबायचं, तिथे हेलकावे कमी. नजर क्षितिजावर. उपाशी पोटी जायचं नाही. आणि जी कामं मान खाली घालून करायची असतात, लेबलं लिहिणं वगैरे, ती किनाऱ्यावर असतानाच उरकून घ्यायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांचं शरीर सरावतं. आणि आधीच सांगून ठेवायचं, लपवायचं नाही, बरोबरचे लोक कामं वाटून घेतात.

मुळात वर्षातले किती दिवस बोटीवर असतो? माझे फार थोडे. बाकी सगळं लॅबमध्ये आणि कॉम्प्युटरपुढे. माशाच्या आतल्या कानात हाडासारखा दिसणारा छोटासा चुन्याचा खडा असतो, ओटोलिथ म्हणतात. तो काढून घासून मायक्रोस्कोपखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, उजेडी-काळी, उजेडी-काळी, त्यावरून माशाचं वय कळतं. पकडल्या जाणाऱ्या माशांत म्हातारे मासे दिसेनासे झाले आणि सगळे दोन-तीन वर्षांचेच यायला लागले की समजायचं पकड जास्त होतेय. मी आणि माझी सहकारी एकच ओटोलिथ वेगवेगळं वाचतो, एकमेकींना न सांगता, आणि मग जुळवतो. जुळलं नाही तर परत वाचतो. तिला ६ दिसतात मला ७ दिसतात, आणि त्या एका वलयावर आम्ही अर्धा तास घालवतो कारण तसेच हजारो आकडे मिळून किती मासे पकडू द्यायचे ते ठरतं आणि त्यावर लोकांची पोटं आहेत.

कामाचं खरं सांगते. मत्स्यसाठ्याचा अंदाज, मत्स्यशेती, पाण्याची तपासणी, बंदरं-पूल बांधण्याआधीचे पर्यावरण सर्व्हे, मत्स्यालयं, शिकवणं, ह्यात कामं आहेत. देवमासे-डॉल्फिन-कासवं ह्यांच्यात कामं कमी आणि रांग लांब, तिथे बिनपगारी काम करून घेणारेही भेटतात, माझ्या एका मैत्रिणीची दोन वर्षं अशी गेली आणि हातात फक्त सर्टिफिकेट आलं. संशोधनात कॉन्ट्रॅक्ट दोन-तीन वर्षांची असतात, संपलं की पुढचं शोधायचं, घर बदलायचं, त्याचा त्रास होतो, मला झालाय. ज्यांना आकडेमोड चांगली येते त्यांना काम लवकर मिळतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

निळीशाई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच खूप आभार. ओहोटीची_वेळ दादा, तुमचा चौकोनांचा परिच्छेद वाचून कंटाळा नाही आला, उलट तो तीन शिंगांवाला शोधून त्याचे फोटो बघत बसले. तळ्याकाठी ताई, पांढऱ्या बाटलीची गोष्ट मी घरी सगळ्यांना सांगितली. गणिताचं मात्र पोटात गोळा आणणारं आहे, पण ते सुटेल म्हणून इकडे यायचं नाही हे आता कळलं.

दोन प्रश्न राहिले. कोर्स निवडताना काय बघायचं, माहितीपत्रकं सगळी सारखीच दिसतात, सगळ्यांवर कासवाचा फोटो. आणि स्कूबा डायव्हिंग आधी शिकून घेऊ का?

---

ओहोटीची_वेळ

कासवाचा फोटो सोडून दे, वर्षवार विषयांची यादी काढ. अपृष्ठवंशी प्राणी (पाठीचा कणा नसलेले) हा विषय पूर्ण स्वतंत्र आहे की नाही ते बघ, कारण पाण्यातले बहुतेक प्राणी तेच, ज्या कोर्समध्ये ते दोन लेक्चरमध्ये उरकतात तो कोर्स मी घेणार नाही. मग थेट विचार की फील्डचे दिवस एकूण किती, त्याचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा, आणि शेवटच्या वर्षी स्वतःचा डेटा गोळा करून थिसिस करता येतो का. शक्य असेल तर आता शिकत असलेल्या एखाद्याशी बोल आणि गेल्या आठवड्यात नेमकं काय केलंस असं विचार, कोर्स कसा आहे असं विचारू नकोस, त्याचं उत्तर सगळे "छान आहे" असंच देतात.

---

कानातलं_हाड

स्कूबा हौस म्हणून शिक, डिग्रीसाठी गरज नाही. संशोधनासाठी पाण्याखाली काम करायचं तर त्याचं वेगळं ट्रेनिंग असतं आणि ते पुढे घेता येतं. आत्ता तो पैसा आणि वेळ R शिकण्यात आणि एका साध्या मायक्रोस्कोपमध्ये घाल, जुना मिळाला तरी चालेल.

---

निळीशाई

अपडेट देते. शाळेतून आठवड्यासाठी मायक्रोस्कोप मिळाला. तळ्याचं पाणी आणलं, पण पहिल्या तीन थेंबांत काहीच नाही, नुसता कचरा. चौथ्यात एक पारदर्शक लांबुळका जीव, शेपटीने चिकटून बसलेला आणि तोंडाजवळ दोन चाकं फिरतायत असं वाटत होतं. चाळीस मिनिटं बघत होते, मध्येच आक्रसून गोळा होतो आणि परत लांब होतो. कोण आहे हा? आणि बाकीचे थेंब रिकामे का?

---

तळ्याकाठी

अगं रोटिफर! चाकं फिरत नाहीत, बारीक केसांची दोन वर्तुळं एकामागोमाग एक वाकतात म्हणून तसं दिसतं, त्या प्रवाहाने तो खाणं तोंडाकडे ओढतो. आणि पाणी मोकळ्या मधल्या भागातून घेतलंस ना? पुढच्या वेळी काठाशी बुडालेली पाणवनस्पती असेल ती बाटलीवर हलकेच पिळ, तेच पाणी घे, आणि बाटली तासभर स्थिर ठेवून तळाचा थेंब उचल. तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान वहीत लिहून ठेव, चित्रही काढ, वेडंवाकडं आलं तरी चालेल. आणि त्या वनस्पतीच्या पानाची कडही मायक्रोस्कोपखाली धरून बघ, घंटेच्या आकाराचे जीव देठावर बसलेले दिसले तर इथे येऊन सांग.